ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते : पाटे वाढवावेत, हवेच्या पिशव्या लावाव्यात की आणखी काही करावे?

मधमाळ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे डबल कॅबची, चारही चाकांना जोर देता येणारी डिझेल पिकअप आहे आणि तिच्यामागे मी मधपेट्यांचा ट्रेलर ओढतो. फुलोरा सरकतो तशा पेट्या हलवाव्या लागतात, आणि माश्या पेटीत परतल्यावरच दारे बंद करता येत असल्याने हा सगळा प्रवास रात्रीचा असतो. निम्मे अंतर चांगल्या डांबरी रस्त्याचे आहे. उरलेले ओढ्याच्या पात्रातून आणि खोल चाकोऱ्यांच्या कच्च्या वाटेने जाणारे आहे.

ट्रेलर जोडून हौदा भरला की गाडी मागून इतकी बसते की दिव्यांचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडतो आणि समोरून येणारे चालक सतत दिवे मारून खुणावतात. स्टिअरिंग हलके लागते. कच्च्या वाटेवर प्रत्येक खड्ड्यात मागचा ॲक्सल बंप-स्टॉपवर, म्हणजे चॅसिसखालच्या रबरी अडसरावर, आदळतो आणि तो दणका थेट पाठीच्या कण्यात जाणवतो. गेल्या फेरीत ट्रेलरमधल्या तीन पेट्यांतल्या नव्या मेणाच्या पोळ्या चौकटींतून सुटून एकमेकींवर पडल्या, आणि एका पेटीतली राणीमाशी त्यांच्याखाली चिरडली गेली. हे पुन्हा घडू द्यायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.

एका गॅरेजमध्ये "दोन पाटे वाढवा, विषय संपला" असा सल्ला मिळाला, तर दुसरीकडे हवेच्या पिशव्या सुचवल्या गेल्या. गाडीला मागे प्रत्येक बाजूला चार पाटे (कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि त्यांच्याखाली एक जाड हेल्पर पाटा अशी मूळची रचना आहे. वर्षातले निम्मे दिवस गाडी रिकामीच फिरते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लोहारशाळा

मधमाळ, पाट्यांचा विचार नंतर करू. आधी गाडी वजनकाट्यावर न्या. पाटे किती बसतात हे डोळ्यांना दिसते, पण ते अवाजवी वजनाने बसतात की पाट्यांची कमान उतरल्याने, हे काट्याशिवाय कळत नाही, आणि या दोन दुखण्यांची औषधे वेगवेगळी आहेत.

प्रवासाला निघताना असते तशीच, तुम्ही आणि सोबती आत बसलेले असताना, गाडी पूर्ण भरून न्या. ट्रेलर जोडलेला असताना फक्त पुढचा ॲक्सल काट्यावर घ्या, मग पिकअपचे दोन्ही ॲक्सल घ्या, आणि शेवटी ट्रेलर सोडून पिकअप एकटी मोजा. ट्रेलरसह आणि ट्रेलरविना आलेल्या आकड्यांतला फरक म्हणजे हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ट्रेलर-जोडणीवर, टेकणारे वजन. ट्रेलरचा स्वतःचा ॲक्सलही मोजून घ्या. त्याआधी घरी सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची रिकाम्या आणि भरलेल्या अवस्थेत टेपने मोजून लिहून ठेवा.

हिचवरच्या वजनाबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. हिचचा गोळा मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे तिथे टेकलेले वजन तरफेसारखे काम करते. समजा, दोन्ही ॲक्सलमधले अंतर 3.1 मीटर आहे आणि गोळा मागच्या ॲक्सलपासून 1.25 मीटर मागे आहे. तिथे 170 किलो टेकवले तर मागच्या ॲक्सलवर 170 नव्हे, सुमारे 239 किलो भार वाढतो आणि पुढच्या ॲक्सलवरून सुमारे 69 किलो उचलले जातात. तुमचे स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. ब्रेक मारताना सर्वाधिक काम पुढची चाके करतात, म्हणून हे हलकेपण मागे बसण्यापेक्षा जास्त काळजीचे आहे.

दूरचा पल्ला

लोहारशाळा यांचे म्हणणे बरोबर आहे, तरी निम्मे दिवस रिकाम्या फिरणाऱ्या गाडीसाठी हवेच्या पिशव्या हाच सोयीचा मार्ग आहे, असे माझे अनुभवाअंती मत आहे. पाटे वाढवले की ते वर्षभर वाढलेलेच राहतात. पिशवीत मात्र वजन असेल तेव्हा हवा भरता येते आणि नसेल तेव्हा कमी करता येते. रिकामे असतानाही साधारण 5 पीएसआय हवा ठेवावीच लागते, नाहीतर पिशवीची घडी स्वतःवरच घासून फाटते.

दोन्ही पिशव्यांच्या नळ्या एकाच व्हॉल्व्हला कधीही जोडू नका. तसे केले की वळणावर किंवा तिरक्या उतारावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते, आणि आधार जिथे हवा असतो नेमका तिथलाच निघून जाऊन गाडी जास्त कलते. प्रत्येक बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह असावा.

खडकवाट

दूरचा पल्ला यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मला इथे सावध करावेसे वाटते, कारण माझ्या डबल कॅब गाडीची चॅसिस याच मार्गाने वाकली.

पाट्यांची गाडी आपला भार चॅसिसला दोन ठिकाणी देते, पाट्याचे पुढचे टोक धरणाऱ्या हँगरला आणि मागचे टोक धरणाऱ्या हलत्या शॅकलला, आणि या दोन जागांमध्ये मीटरभराहून जास्त अंतर असते. ॲक्सल आणि चॅसिस यांच्यामध्ये हवेची पिशवी बसवली की भाराचा मोठा वाटा त्या दोन जागांच्या मधोमध, बंप-स्टॉपच्या जागी, एका तळहाताएवढ्या भागावर येतो. डबल कॅबचा हौदा बराचसा मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबतो. त्यात ट्रेलरची भर पडली आणि रस्ता लाटालाटांचा असला, की पिशवी टेकणीचे आणि मागचे वजन तरफेचे काम करू लागते. मी पिशव्यांत हवा भरून गाडी समतल केली होती, त्यामुळे आपण मर्यादेबाहेर गेलो आहोत हे मला दिसतच नव्हते. एका सकाळी गाडी धुताना केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीत बोटे घातली. खाली एक बोट जेमतेम जात होते आणि वर तीन बोटे आरामात जात होती. मागचा भाग खाली झुकला होता आणि पिशवीच्या कंसाजवळ चॅसिसच्या रंगाला केसासारख्या बारीक रेघा पडल्या होत्या.

मर्यादेतल्या वजनासाठी आणि डांबरी रस्त्यासाठी पिशव्या वाईट नाहीत. भरलेल्या हौद्यासह ट्रेलर कच्च्या वाटेने ओढणाऱ्याला मात्र मी त्या सुचवणार नाही. शिवाय खडकांत एक चाक खोल लोंबकळले की पिशवी तिच्या लांबीपलीकडे ताणली जाते, आणि तळाशी तिला सुटी होऊ देणारी बैठक नसेल तर ती फाटते.

मधमाळ

सर्वांचे मनापासून आभार. खडकवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच बाहेर जाऊन फट तपासली. सुदैवाने ती वरखाली सारखी आहे.

आज काट्यावर जाऊन आलो. रिकामी गाडी पुढे 1,180 आणि मागे 860 किलो भरते. भरलेल्या अवस्थेत पुढे 1,150, मागे 1,790, एकूण 2,940 किलो. ट्रेलर सोडल्यावर गाडी 2,710 भरली, म्हणजे हिचवर 230 किलो होते. ट्रेलर एकूण 1,450 किलोचा आहे. गाडीच्या पट्टीवर एकूण वजनाची मर्यादा 2,900 आणि मागच्या ॲक्सलची 1,700 छापलेली आहे. सारांश, मी मागच्या ॲक्सलवर 90 किलोंनी आणि एकूण वजनात 40 किलोंनी मर्यादा ओलांडून फिरत होतो आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. दोन माणसे आत बसूनही पुढचा ॲक्सल रिकाम्या गाडीपेक्षा हलका भरला, हे पाहून जास्त धास्ती वाटली.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मागची उंची 56 सेंटिमीटरवरून 46 वर आली आणि पुढची 50 वरून 51 वर गेली.

लोहारशाळा

आता बोलता येईल. मागे 10 खाली आणि पुढे 1 वर, म्हणजे 3.1 मीटरच्या अंतरात 11 सेंटिमीटरचा फरक. गाडी सुमारे 2 अंशांनी मागे कलली. एवढ्याने 30 मीटरवर दिव्याचा झोत जवळजवळ 1 मीटर वर सरकतो.

काहीही विकत घेण्याआधी सामान हलवा. हौद्यात फाळक्याजवळ जे जड आहे ते केबिनला टेकवून ठेवा, आणि जे ट्रेलरमध्ये जाऊ शकते ते ट्रेलरच्या ॲक्सलच्या अगदी वर ठेवा, अर्थात ट्रेलरची स्वतःची मर्यादा आणि गाडीची ओढण्याची मर्यादा पाहून. तुमच्या ट्रेलरचे जवळजवळ 16 टक्के वजन हिचवर येते आहे. तुमच्यासारख्या मध्यावर ॲक्सल असलेल्या ट्रेलरला 10 टक्क्यांच्या आसपास पुरेसे असते, पण हिचला आणि गाडीला नेमून दिलेला आकडा त्याहून कमी असेल तर तोच पाळायचा. गाडी बसू नये म्हणून हे वजन मनाने फार कमी करणेही धोक्याचे आहे, कारण हिच हलका झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि तो एकदा डोलू लागला की आवरणे अवघड असते.

पाटा, पिशवी किंवा कोणतीही स्प्रिंग गाडीची उंची परत आणते. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चॅसिस यांची मर्यादा ती वाढवत नाही. तुम्ही 1,790 वर कितीही भारी पाटे लावले असते तरी ॲक्सल 1,700 चाच राहिला असता, फक्त दिसायला सारे ठीक दिसले असते.

मधमाळ

हौद्यात फाळक्याजवळ 180 लिटर पाण्याचे पिंप होते. ते ट्रेलरमध्ये ॲक्सलवर ठेवले, अवजारांची पेटी केबिनला चिकटवली आणि भरलेल्या पेट्या ट्रेलरच्या पुढच्या भागातून मध्यावर घेतल्या. पुन्हा काट्यावर गेलो. पुढे 1,220, मागे 1,480, एकूण 2,700 किलो. हिचवर 170. ट्रेलर 1,630 किलोचा झाला, त्याची स्वतःची मर्यादा 1,800 आहे आणि त्याला स्वतःचे ब्रेकही आहेत. एक रुपयाही खर्च न करता मागच्या ॲक्सलवरून 310 किलो उतरले. मागची उंची आता 48.5 सेंटिमीटर आहे.

तरीही मागची बाजू साडेसात सेंटिमीटर बसतेच आणि मोठ्या खड्ड्यात बंप-स्टॉप लागतोच. आता पाट्यांबद्दल सांगावे.

लोहारशाळा

आता तुम्ही मर्यादेत आहात, त्यामुळे पाट्यांवर केलेला खर्च सार्थकी लागेल.

पाट्याचा ताठपणा त्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 6 मिलिमीटरच्या जागी तेवढ्याच लांबीरुंदीचा 8 मिलिमीटरचा पाटा घातला तर तो सुमारे 2.4 पट ताठ होतो. चार पाट्यांच्या संचात त्यांच्याच जाडीचा एक पाटा वाढवला तर ढोबळमानाने 25 टक्के भर पडते. गॅरेजमध्ये हाताशी असलेला जाड पाटा कापून संचात घुसवला जातो तेव्हा नेमके हेच विसरले जाते. मग रिकामी गाडी टणक उड्या मारते, आणि नवा ताठ पाटा जिथे संपतो तिथे जुन्या मुख्य पाट्यावर ताण एकवटून तो तुटतो.

तुमचे पाटे किती जुने आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही, पण साधारणपणे ज्यांची कमान उतरली आहे अशा पाट्यांत एक नवा पाटा घालणे मला पटत नाही. सगळा भार तो एकटाच घेतो. तुमच्यासाठी मी पूर्ण नवा संच सुचवीन, आणि तोही सर्वांत भारी नव्हे. बनवणारे हे संच कायमच्या भाराप्रमाणे देतात. तुम्ही वर्षाचे निम्मे दिवस रिकामे फिरता, म्हणून कायम 300 किलो भार धरून बनवलेला संच घ्या, ज्यात वरचे पाटे पातळ आणि लांब असतील व खालचा जाड हेल्पर पाटा भार आल्यावरच टेकेल. भरलेली गाडी अगदी समतल दिसली पाहिजे हा हट्ट सोडा. पुढच्या ॲक्सलवर पुरेसे वजन आहे आणि मागे बंप-स्टॉपपर्यंत निदान चार बोटे मोकळी जागा आहे, एवढे पुरे.

उंची हवी म्हणून ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालू नका. ठोकळा जितका उंच, तितकी ॲक्सलला पाटे पिळण्याची संधी मोठी. चढावर ट्रेलरसह जोर लावला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात, डिफरन्शिअलचे (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) तोंड वर उचलले जाते आणि शाफ्टचे जॉइंट खटखटू लागतात.

चिखलचाक

कच्च्या वाटेच्या बाजूने माझी भर. ओढ्याच्या पात्रात चाक जमिनीला धरून राहणे हेच सगळे असते. मागचे पाटे फार ताठ झाले की एक चाक दगडावर चढताच दुसरे हवेत जाते, डिफरन्शिअलमुळे ते हवेतले चाक नुसतेच गरगरते, जमिनीवरच्या चाकालाही पुरेसा जोर मिळत नाही आणि गाडी जागीच अडकून बसते. म्हणून मधला संच घेण्याच्या सल्ल्याशी मी शंभर टक्के सहमत आहे.

पाट्यांबरोबर शॉक ॲब्सॉर्बर बदलणे टाळू नका. ताठ पाटा दबल्यावर जास्त जोराने उसळतो आणि जुना शॉक त्याला रोखू शकत नाही. लाटालाटांच्या रस्त्यावर शॉकमधले तेल तापते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि शॉक असून नसल्यासारखा होतो. एकेरी नळीच्या, गॅसच्या दाबाच्या शॉकमध्ये गॅस आणि तेल वेगळे ठेवलेले असल्याने फेस होत नाही आणि उष्णताही थेट बाहेर जाते. त्याची नळी दगडाने चेपली तर मात्र तो निकामी होतो, हे ध्यानात ठेवून त्याची खालची बाजू झाकावी. अशा रस्त्यावर अर्धा तास चालवून थांबलात की हाताची पाठ चारही शॉकच्या जवळ नेऊन पाहा. तीन गरम आणि एक थंड असेल, तर तो थंड असलेला काम करत नाही.

उंची वाढणार असेल तर गाडी चॅसिसखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन मागची चाके पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकची रबरी नळी, एबीएसची तार व डिफरन्शिअलची श्वासनळी यांपैकी काही ताणले जात नाही ना, ते टॉर्च लावून पाहा.

गाडीवाट

मधमाळ, पोळ्या ट्रेलरमधल्या पेट्यांच्या तुटल्या आहेत, आणि या सगळ्या चर्चेत ट्रेलरच्या स्वतःच्या पाट्यांकडे कुणी पाहिलेले नाही. बहुतेक साध्या ट्रेलरना पाटे असतात पण शॉक नसतात. पिकअप कितीही सुधारली तरी पेट्या ट्रेलरच्या ॲक्सलवरच उसळणार. ट्रेलरला शॉक लावा, टायरची हवा वजनाप्रमाणे ठेवा आणि पेट्यांच्या चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर राहतील अशा रचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर पोळ्या एकमेकींवर आपटणार नाहीत.

समतोल

जुन्या बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो चॅसिसवर बसवलेला असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. गाडी बसली की व्हॉल्व्ह समजतो वजन आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. नव्या पाट्यांनी मागची बाजू उचलली की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि ट्रेलर ओढताना गरज असते तेव्हाच मागचे ब्रेक कमी लागतात. अशी दांडी तुमच्या गाडीला असेल तर पाटे बदलल्यावर गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे ती पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय रस्त्यावर उतरू नका. पाटे बदलणाऱ्या अनेक कारागिरांच्या हे लक्षात राहत नाही, म्हणून तुम्ही स्वतः विचारा.

मधमाळ

काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

जुने पाटे उतरवले तेव्हा उजव्या बाजूचा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मध्यावर एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) छिद्रातून आरपार चिरलेला निघाला. वरून काहीच दिसत नव्हते. चिरेत गंज साठलेला होता, म्हणजे तो बऱ्याच दिवसांपासून तसाच होता. तिथेच जुन्या संचात पाटा वाढवण्याचा विचार कायमचा संपला.

कायम 300 किलो भाराचा संच, एकेरी नळीचे गॅस शॉक आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे नवे यू-बोल्ट असे बसवले. यू-बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात, हे कारागिराने स्वतःहून सांगितले. हँगर आणि शॅकलचे बोल्ट त्याने गाडी घोड्यांवर असताना नुसते हाताने लावले आणि चाके जमिनीवर टेकवून, गाडी दोन-तीनदा हलवून, तिच्या वजनाखालीच टॉर्क पान्ह्याने (ठरलेला जोर लागला की टक करणाऱ्या पान्ह्याने) आवळले. चाके लोंबत असताना आवळले असते तर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटले असते. समतोल, तुम्ही सांगितलेली दांडी माझ्या गाडीला निघाली. ती पुस्तिकेप्रमाणे जुळवून घेतली आणि रिकाम्या जागेत आधी रिकामी, मग भरलेली गाडी थांबवून पाहिली.

रिकाम्या गाडीची मागची उंची आता 59 सेंटिमीटर आहे आणि त्याच 1,480 किलोंना ती 54 वर येते. पुढची भरलेली उंची 50, म्हणजे मूळ होती तेवढीच. पहिल्या रात्रीच्या फेरीत एकाही समोरच्या चालकाने दिवे मारले नाहीत. ओढ्यात बंप-स्टॉप एकदाच लागला, तोही हलका. रिकामी गाडी पूर्वीपेक्षा ताठ आहे हे खरे, आणि गतिरोधकावरून ते जाणवते.

गाडीवाट, ट्रेलरला शॉक लावण्यासाठी कंस वेल्ड करून घेतले आणि चौकटी तुम्ही सांगितल्या तशा रचल्या. पहाटे पेट्या उतरवून पहिली उघडली तेव्हा सर्व पोळ्या जागच्या जागी होत्या.

एक शंका राहिली आहे. खडकांतून सावकाश जाताना डाव्या बाजूने बारीक कुरकुर ऐकू येते.

लोहारशाळा

ती कुरकुर बहुधा पाट्यांच्या टोकांमधल्या घर्षणपट्ट्यांची किंवा शॅकलच्या बुशची असेल, पण आधी यू-बोल्ट पाहा. नवे पाटे पहिल्या काही दिवसांत एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्टची पकड सैल पडते. सैल पकडीत ॲक्सल सरकू लागला की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. 100 किलोमीटरनंतर एकदा आणि 500 नंतर पुन्हा, दिलेल्या टॉर्कनेच, चारही नट कोपऱ्याआड कोपरा या क्रमाने आवळा.

मधमाळ

आजच आवळले. उजव्या बाजूचे नट जागचे हलले नाहीत. डाव्या बाजूचे चारपैकी तीन नट पाव वळसा फिरले आणि मगच पान्ह्याने टक केले. संध्याकाळी त्याच खडकांतून गाडी नेऊन आणली. कुरकुर आली नाही. नव्या पाट्यांवर 380 किलोमीटर झाले आहेत, 500 झाले की पुन्हा आवळून इथे लिहितो.